आधी चीक

नथूभाऊ पडवळांनी मला आयुष्यात एकदाच "साहेब, तुमी गप बसा" असं सांगितलं. मी जनावरांचा डॉक्टर होतो आणि ते माझ्या दवाखान्यातले कंपाउंडर. सरकारी कागदांवर साहेब मी होतो. पण कागदांचं काय, कागदांवर बरंच काही असतं. मी मुकाट्यानं गप बसलो. माझ्या नोकरीतलं वेळेवर आणि बिनचूक केलेलं ते बहुधा एकमेव काम.

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी हजर झालो तेव्हा पवनेवर धरणाचं काम जोरात चाललं होतं. माझ्याजवळ नवी पदवी होती, नवी कातडी बॅग होती आणि पुण्याहून आणलेला थोडा शिष्टपणा होता. नथूभाऊ तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढेमागे असतील. ठेंगणे, रुंद पंजाचे, अंगात बारा महिने खाकी कोट. कोटाच्या डाव्या खिशात थर्मामीटर आणि सुया, उजव्या खिशात विड्या. हे खिसे त्यांनी कधी चुकवले नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. पण एकदा एका म्हशीच्या मालकाला त्यांनी बोलता बोलता विडी म्हणून थर्मामीटर पुढे केला आणि त्या बाबानंही तो बोलता बोलता ओठांत धरला. जनावराला तो कुठं लावतात हे त्याला ठाऊक असतं तर आमच्या दवाखान्याची त्या गावातली ये-जा तिथंच संपली असती.

सुई उकळताना ते घड्याळ बघत नसत. "दोन इड्या हुस्तवर उकळायची," एवढंच त्यांचं शास्त्र. मी एकदा मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं. दोन विड्यांना पुस्तकातल्यापेक्षा तीन मिनिटं जास्तच लागली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे टोचण्याआधी जनावराची परवानगी घेणं. गायीला 'बाय', म्हशीला 'मावशी', बैलाला 'पाटील'. कानाशी वाकून म्हणायचे, "मावशे, जरा टोचतो हां. रागवू नगंस." सुरुवातीला मला हसू यायचं. मी म्हटलं, "नथूभाऊ, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तक तुमी वाचलंय साहेब, म्हशीनं न्हाई वाचलं," ते म्हणाले आणि टोचून मोकळे झाले. म्हैस हलली नाही. मी पुस्तकाप्रमाणे टोचायला जायचो तेव्हा चार माणसं धरायला लागायची.

धरणावर दगडकाम आणि मातीकाम करायला वडारांचे तांडे आले होते. पवनानगरच्या अलीकडे माळावर त्यांची पालं पडली होती आणि पालांमागे डुकरं. दवाखान्यातून तिकडे तोवर कोणी फिरकलं नव्हतं. आमच्या नोंदवहीत गायी, म्हशी, बैल, शेळ्या, घोडे आणि एका बंगलेवाल्याचा पोपटसुद्धा होता, डुक्कर नव्हतं. नथूभाऊ पहिले गेले. ते जातीचे मराठा, त्याच खोऱ्यातले. त्यांचं गाव, घर, भाताची खाचरं सगळं धरणाच्या पाण्याखाली जायचं ठरलेलं. गावातला एक भाऊबंद माझ्यासमोरच त्यांना बोलला, "नथ्या, आपली शेतं बुडवायला आलेत ते, आन तू त्यांची डुकरं राखतोस व्हय?"

"धरण डुकरं बांधत न्हाईत," नथूभाऊ म्हणाले.

त्यांची आई मात्र असल्या उत्तरांना बधणारी नव्हती. सत्तरीची, कणखर म्हातारी. ज्या दिवशी डुकरांकडे जाणं होई त्या दिवशी परसात तापलेल्या पाण्याचा हंडा तयार असे. तिथंच अंघोळ, कोट बाहेर खुंटीला, मग उंबरा. "हात धू, पुन्यांदा धू," असं ती ओट्यावरून सांगत राही आणि साठ जनावरं टोचून आलेला हा माणूस शाळकरी पोरासारखा पुन्यांदा धुई. मी एकदा म्हटलं, राग नाही येत? तर म्हणाले, "हात धुन्यात काय वाईट हाय? ती म्हनती म्हून धुतो, तुमी म्हनता म्हून बी धुतो."

त्या तांड्यात यल्लाबाई राहत होती. चाळिशीची विधवा. दगड उतरवताना तिच्या उजव्या हातावर शिळा आली होती. दोन बोटं वळतच नव्हती. खडी फोडायला दोन्ही हात लागतात, म्हणून तिनं डुकरं धरली. दोन माद्या, एक थोरली आणि एक धाकटी. त्यांच्या पिल्लांवर तिचं पोट होतं. पण गेली तीन वेतं पिल्लं जगत नव्हती. जन्मताना गुटगुटीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी हगवण लागायची आणि आठवडाभरात पिल्लांची टोपली रिकामी. मुकादमानं तिला सांगून ठेवलं होतं, डुकरं जमत नसतील तर खडीवर ये, नाहीतर पाल उठव. त्या हातानं ती खडीवर दोन दिवस टिकली नसती. तिला ते माहीत होतं, मुकादमालाही.

हगवण आतड्यातल्या जंतूंची, हे मला कळत होतं. पिल्लं एवढी कोवळी असताना मरतात की त्यांना टोचून काही उपयोग होत नाही. लस आईला द्यायची, ती व्यायच्या आधी. पण लस कुठून आणायची? पुण्याच्या प्रयोगशाळेत माझे एक जुने शिक्षक होते. ते म्हणाले, नुकतं मेलेलं पिल्लू बर्फात घालून आण, त्याच्याच आतड्यातल्या जंतूंपासून लस करून बघू.

हे काम अर्थातच नथूभाऊंकडे गेलं. पिल्लू मेल्याबरोबर त्यांनी स्टेशनवरून बर्फ घेतला, भुसा घेतला आणि सगळं एका रिकाम्या चिक्कीच्या डब्यात भरून पुण्याची गाडी पकडली. समोर एक गृहस्थ बसले होते. डबा बघून म्हणाले, "ताजी आहे का हो?"

"आज पहाटंचीच," नथूभाऊ म्हणाले.

"शेंगदाण्याची का?"

"न्हाई. निराळी हाय."

"बघू तरी."

"मंग काय करनार साहेब," नथूभाऊ मला सांगत होते, "एवढं इचारलं म्हून दावली." ते गृहस्थ तळेगावला उतरले. त्यांना पुण्याला जायचं होतं असा नथूभाऊंचा अंदाज.

लस आली. बर्फाच्या थर्मासमधून आम्ही ती तांड्यावर नेली. डुकरीण व्यायला तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस घेते. यल्लाबाई तो हिशेब सुतळीला गाठी मारून ठेवायची, आठवड्याला एक गाठ. सोळा गाठी झाल्या की टोपली तयार. थोरलीच्या दहा गाठी झाल्या होत्या. पहिली लस तेव्हा आणि दुसरी व्यायच्या आधी दोन आठवडे, असं ठरलं.

"गाभणीला टोचायचं? आजारी पडत्यात पिल्लं, आन सुई आईला?" यल्लाबाईनं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी पुढे झालो आणि माझ्या मते अगदी सोपं करून सांगितलं. "बाई, हे औषध आईच्या अंगात जातं. तिथून ते दुधात उतरतं. पहिल्या दुधात तर सगळ्यात जास्त. समजलं?"

तिनं गंभीरपणे मान हलवली. ती मान मी फार वर्षं विसरलो नाही. नथूभाऊ थोरलीच्या कानाशी वाकले, "आक्का, जरा टोचतो हां," म्हणाले आणि काम झालं.

थोरली व्याली. आठ पिल्लं. चौथ्या दिवशी पाच मेली, सहाव्या दिवशी सगळी.

आम्ही गेलो तेव्हा तांड्यातली माणसं पालांच्या तोंडाशी उभी होती. "सुईनं मारली," कोणीतरी म्हणालं. यल्लाबाई टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती. तिची धाकटीही गाभण होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं तर यल्लाबाई उठून मध्ये उभी राहिली. मुकादम म्हणाला, "एवढी धाकटी व्याली की ही खडीवर."

मी दवाखान्यात येऊन अहवाल लिहिला. चार ओळींचा. शेवटची ओळ होती, "लस निष्फळ." लिहिताना मला लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं, हे दुसरं आज सांगायला जड जातं. टपालात टाकायला तो नथूभाऊंकडे दिला. त्यांनी वाचला, घडी केली आणि उजव्या, विड्यांच्या खिशात ठेवला.

"टाकतो," म्हणाले. टाकला नाही.

पंधरा दिवस गेले असतील. नथूभाऊंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी ते दवाखान्यात आले, कोट न घालता. कोटाशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, लेकीचं काही वाईट झालं. पण लेक मोकळी झाली होती, मुलगा झाला होता, दोघं खुशाल होती.

"मग अभिनंदन!" मी म्हटलं.

"साहेब," ते म्हणाले, "यल्लाबायला एक इचारायचं ऱ्हाऊन गेलंय. चला."

तांड्यावर आम्हाला कोणी पाणी विचारलं नाही. यल्लाबाई धाकटीला कोंडा घालत होती. नथूभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाय, थोरली व्याली तवा पयलं तू काय केलंस? पिल्लू खाली पडल्यापास्नं सांग."

"काय करायचं? पुसली, टोपलीत घातली. खाली गोनपाट, वर गोनपाट."

"आईला लावली न्हाईस?"

"पयलं दूध जड असतंय, भाऊ. आमची सासू पिळून टाकायची, भुईला द्यायची. पिल्लांना भाताची पेज. येक दिस ऱ्हाऊ द्यायचं, मंग लावायचं." ती थांबली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आन ह्या खेपंला तर मी दोन दिस ठेवली. ह्या सायबांनीच सांगितलं की, सुईचं औषध दुधात उतरतंय म्हून. पयल्या दुधात तर लय. येवढ्याशा जिवांना ते औषध सोसंल व्हय? समदं पिळून पिळून टाकलं मी. थेंब ठेवला न्हाई."

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात जे मिळायचं तेच पिल्लांना मिळालं नव्हतं. आणि ते त्या बाईनं आळसानं नाही, मायेनं टाकलं होतं. माझं बोलणं नीट ऐकून, लक्षात ठेवून, एक मोडका हात असताना. मी लगेच सुरू झालो, "अहो बाई, तसं नव्हतं सांगितलं मी, ते औषध म्हणजे औषध नव्हे, त्यानं आईच्या रक्तात..."

"साहेब," नथूभाऊ म्हणाले, "तुमी गप बसा."

मी गप बसलो.

मग ते खाली बघत, हातातल्या काडीनं मातीत रेघा ओढत बोलले. "बाय, चूक आमची हाय. इचारलं न्हाई, नुसतं सांगितलं. काल माझी लेक बाळंत झाली. आमच्या म्हातारीनं तिचा चीक राखंवर पिळला आन पोराला बोटानं मध चाटवला. तीन दिस आईच्या अंगाला लावायचं न्हाई म्हनली. मी दारात उभा हुतो. जनमभर बघत आलो, काल दिसलं." काडी मोडली. "माझं पयलं पोरगं आठव्या दिवशी गेलं. पांढरं पांढरं हगायचं. त्याला बी आमी गुळाचं पानी पाजलेलं. त्याच्या आईचा पदर भिजून जायचा, आन आमी म्हनायचो, पिळून टाक. मी वासरांचं समदं जानत हुतो, बाय. वासराला चीक पाजा म्हून गावभर सांगत हिंडायचो."

सहा वर्षं मी या माणसाबरोबर काम करत होतो. त्यांचं पहिलं मूल गेलेलं मला ठाऊक नव्हतं. त्या चिकानं ते जगलंच असतं असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मीही सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तरी त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

यल्लाबाईनं सुतळी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. नऊ गाठी झाल्या होत्या. "कवा टोचतोस?" तिनं विचारलं.

पुढच्या आठवड्यात, दहाव्या गाठीला धाकटीला पहिली सुई दिली. चूल पेटवायला नथूभाऊंनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तो माझा अहवाल होता हे मी ओळखलं आणि त्यांनीही मी ओळखल्याचं ओळखलं. त्यावर पाणी छान उकळलं.

सोळाव्या गाठीनंतर दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास धाकटी व्याली. नथूभाऊ भल्या सकाळीच जाऊन बसले होते. मी पोहोचलो तेव्हा खाकी कोट चिखलात आणि ते पोटावर पालथे, एकेका पिल्लाला हातात धरून आचळाला लावताहेत. पलीकडून यल्लाबाई तिच्या डाव्या हातानं तेच करत होती. दहा पिल्लं होती. एक दुबळं सारखं सुटायचं. त्याला नथूभाऊ म्हणत होते, "धर की, गुलामा! आधी चीक, मंग झोप."

चौथ्या दिवशी मला तांड्यावर जायचं धैर्य होईना. काहीतरी निमित्त काढून मी दवाखान्यातच रेंगाळलो. दुपारी नथूभाऊ सायकलवरून आले, सायकल भिंतीला लावली, थर्मास टेबलावर ठेवला आणि विडी पेटवली. मी वाट बघत होतो. त्यांनी अर्धी विडी ओढली.

"येक चेंगारलं आईखाली," ते म्हणाले. "नऊ हायत. लेंडी कशी म्हनाल, तर काळी, घट."

मी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. "धुतलेले न्हाईत, साहेब," ते म्हणाले. मी सोडले नाहीत.

यल्लाबाई खडीवर गेली नाही. मुकादमानं स्वतःच्या मादीसाठी लस मागितली तेव्हा नथूभाऊंनी त्याला सुतळी आणायला सांगितलं आणि गाठी मारायला यल्लाबाईकडे पाठवलं. पुढे सबंध तांड्याच्या गाठी तीच मोजायची.

नथूभाऊंमध्ये मात्र त्या दिवसापासून फरक पडला. जनावरांच्या डॉक्टराकडे लोक हौसेनं चीक पाठवतात. आमच्याकडे खरवसाला कधी तोटा नसायचा. आता कोणी चरवी घेऊन आलं की नथूभाऊ दारातच अडवायचे. "वासरू पोटभर प्यालं का? खरं सांग." उत्तर जरा अडखळत आलं तर चरवी परत. माझी बायको त्यांच्यावर दोन वर्षं रागावलेली होती. आणि वासरांवर ते थांबले नाहीत. जिथं बाळंतीण असेल तिथं ओट्याशी उभं राहून सांगायचे, चीक टाकू नका. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बेडश्याच्या एका म्हातारीनं तर सरळ सुनावलं, "डुकराच्या कंपाउंडरानं आमाला शिकवायचं व्हय रं?"

"व्हय, मावशे," ते म्हणाले. "मी डुकरांकडनंच शिकलोय."

घरात मात्र त्यांचं चाललं नाही. लेकीचं ते पोर मधावरच वाढलं आणि ठणठणीत राहिलं. म्हातारीनं ते सतरा वेळा ऐकवलं. बहुतेक पोरं जगतातच. म्हणून तर रीत टिकते.

माझी बदली झाली. धरण भरलं, नथूभाऊंचं गाव पाण्याखाली गेलं, तांडा पुढच्या कामावर निघून गेला. सात-आठ वर्षांनी मी कामानिमित्त लोणावळ्यात उतरलो तेव्हा कळलं, ते निवृत्त होऊन कुसगावात राहतात. शोधत गेलो. नवं, पत्र्याचं घर. समोर चार माणसं उभी, आतून बायकांचा गलका, आणि नथूभाऊ उंबऱ्यावर बसलेले. केस पांढरे, अंगात तोच खाकी कोट, आणि हातातली काठी दाराच्या चौकटीत आडवी धरलेली. ओट्यावर त्यांची आई. आता पार वाकली होती, पण आवाज शाबूत. "मेल्या, सोड की मला आत! माझं पनतू हाय ते!"

नथूभाऊंच्या सुनेला घटकाभरापूर्वी मुलगा झाला होता.

"बसा साहेब," ते म्हणाले, जणू मी कालच गेलो होतो. त्यांच्या दुसऱ्या हातात पितळेची वाटी होती. म्हातारीकडून काढून घेतलेली. वाटीत मध.

आतून बाळाचं रडणं येत होतं. मी काहीतरी विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो. ते मान तिरकी करून ऐकत होते, टोचण्याआधी म्हशीच्या कानाशी वाकायचे तसे. रडणं वाढलं, अडखळलं, पुन्हा वाढलं आणि मग एकदम थांबलं.

"लागलं," नथूभाऊ म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत. वाटीतल्या मधात बोट बुडवून त्यांनी ते स्वतःच चाटलं. मग आणखी एकदा. म्हातारी बघत राहिली आणि शिव्या द्यायची थांबली.

"हां साहेब," ते म्हणाले, "आता बोला."

मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो. त्यांनी वाटी माझ्यापुढे केली. काठी अजून आडवीच होती.